नामजद आणि वारस

सीताफळं आली. हिमायतनगरच्या कोपऱ्यावर पालमूरकडची एक बाई दर वर्षी पाट्या मांडून बसते. काल तिनं मला नेहमीसारखी सहा फळं निवडून दिली आणि विचारलं, "बडी अम्मा नै आए?"

"गुजर गए," मी म्हटलं. "गरमियों में."

तिनं हातातलं फळ खाली ठेवलं. मग माझ्या पिशवीतली दोन फळं तिनं परत काढून घेतली. "अकेले कित्ता खाते," म्हणाली, आणि पैसेही चारांचेच घेतले.

बडी अम्मा म्हणजे माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. आम्ही दोघी एका घरात इतकी वर्षं राहिलो की नवे शेजारी आम्हाला बहिणी समजत आणि आम्हीही ती समजूत दुरुस्त करत नसू. वैशाखात ती गेली. तेव्हापासून तिच्याबद्दल काही लिहावं असं मनात आहे. पण लिहायला बसलं की शोकाचे म्हणून जे शब्द असतात ते येत नाहीत. हप्ता, क्लेम, नॉमिनी, वारस असले शब्द येतात. आधी मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही. तिची माझी खरी ओळख याच शब्दांमधून झाली, आणि तीही अशाच एका सीताफळांच्या हंगामात.

ते आमचं तीन भाषांचं राज्य फुटण्याचं वर्ष होतं. तेलुगू भाग आंध्रात, कन्नड भाग म्हैसूरकडे आणि मराठवाडा मुंबईकडे जाणार असं ठरलं होतं. नल्लकुंट्यात आमच्या गल्लीत मराठी सरकारी नोकरांची घरं बरीच होती. संध्याकाळी फाटकाशी दोन माणसं भेटली की एकच प्रश्न असे, "तुमचं कुठं?" कुणी नांदेड म्हणे, कुणी परभणी, कुणी नुसताच आकाशाकडे हात करी. घराघरात वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी, सुतळी, खोक्यांचे खिळे. माझ्या वडिलांची नेमणूक औरंगाबादेला झाली होती. दिवाळीनंतर निघायचं होतं.

आमच्या घरातलं फुटणं त्याआधीच झालं होतं. श्रावणात माझा भाऊ, आम्ही सगळे ज्याला दादा म्हणत होतो तो, विषमज्वरानं गेला. तिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. मागं सुमनवहिनी आणि दोन वर्षांची मीनू. त्या दिवाळीत आमच्याकडे तळणाची कढई चढली नाही. शेजारणींनी रिवाजाप्रमाणे फराळाची झाकलेली ताटं आणून दिली. ताट रितं परत करायचं नसतं, म्हणून आई त्यात एकेक सीताफळ ठेवून पाठवायची. सीताफळाचं असं की ते आपल्या सोयीनं पिकत नाही. सकाळी दगडासारखं असतं आणि दुपारी विसरलात तर संध्याकाळी बोट आत जातं. त्या हंगामात आमच्या घरात कितीतरी फळं अशी विसरून गेली. सामान बांधलेल्या खोलीत त्यांचा गोड, किंचित आंबूस वास भरून राहिलेला असे.

दादाची विम्याची एक पॉलिसी होती, हे आम्हाला एजंट घरी आला तेव्हा कळलं. म्हातारे गृहस्थ होते, शेरवानी घालून सायकलवर येणारे. बाबांनी पडवीत खुर्ची दिली. हप्ता भरायची तारीख दादाच्या आजारपणात उलटून गेली होती. बाबा म्हणाले, "म्हणजे संपलंच की ते."

"नै साहब," एजंट म्हणाले. "हप्ता चुका तो पॉलिसी उसी दिन नै मरती. मुहलत रहती. साहबजादे मुहलत के अंदर गुजरे. पॉलिसी जिंदा है."

आई दारात उभी होती, ती आत निघून गेली. एजंटच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चहा अर्धाच घेतला.

त्या मुहलतीला इंग्रजीत ग्रेस म्हणतात. हप्ता चुकल्यावर जे सवलतीचे दिवस मिळतात ते ग्रेसचे दिवस. त्यांत हप्ता भरला किंवा त्यांत माणूस गेला तर करार चालू धरतात, नाहीतर तो लॅप्स होतो. हे मी अफझलगंजच्या वाचनालयातून आणलेल्या एका पातळ पुस्तकात वाचलं. व्यापारातल्या शब्दांचं पुस्तक होतं, एकेका शब्दाला दोन-तीन ओळी. मी सतरा वर्षांची, इंटरला होते. बाबांचं सगळं शिक्षण आणि नोकरी उर्दूत झालेली. फारसी त्यांना मराठीइतकी यायची, पण इंग्रजी सहीपुरतं. विम्याचा कारभार त्याच वर्षी सरकारनं आपल्या हातात घेतला होता आणि येणारं प्रत्येक पत्र इंग्रजीत असे. ते मी मोठ्यानं वाचायचं आणि बाबांनी डोळे मिटून ऐकायचं, असा क्रम पडला होता.

ते पुस्तक मला आवडलं, हे सांगायला हवं. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, आणि त्या पुस्तकात प्रत्येक शब्दाला आपला अर्थ ठाऊक होता. घसारा म्हणजे वापरानं वस्तूची किंमत दर वर्षी थोडीथोडी कमी धरणं. वस्तू मोडलेली नसते, चालत असते, तरी हिशेबात ती झिजते. सरेंडर व्हॅल्यू म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर हातात येणारी रक्कम. ती भरलेल्या पैशांहून कमी असते, कारण वाट न पाहण्याचीही किंमत असते. गुडविल म्हणजे दुकानाच्या नावावर लोकांचा जो भरवसा बसलेला असतो त्याची किंमत. मला वाटे, हे लिहिणाऱ्यानं माणसांकडे बराच वेळ पाहिलं असणार आणि मग माणसं गाळून नुसतं पाहिलेलं ठेवलं असणार.

मग एका पत्रात नॉमिनी हा शब्द आला. पॉलिसीवर नॉमिनी म्हणून बाबांचं नाव होतं. त्यात नवल नव्हतं. दादानं पॉलिसी घेतली तेव्हा त्याचं लग्न झालेलं नव्हतं, आणि आमच्या घरात कुठल्याही कागदावर नाव विचारलं की बाबांचं लिहायची पद्धतच होती. लग्नानंतर ते बदलता येतं, पण त्या वयात कुणाला ते सुचतं?

"नॉमिनी म्हणजे नामजद," मी पत्राचा अर्थ सांगितला.

बाबांनी मान हलवली. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. ते पुढचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं, आणि गोंधळ झाला तो तिथंच.

बाबा ज्या महकम्यात होते, ज्या खात्यात म्हणा, तिथं इनामांच्या वारसाचं काम चाले. एखादा इनामदार गेला की त्याचं इनाम पुढं कुणाच्या नावानं चालवायचं याची चौकशी होई. वर्षानुवर्षं चाले. शेवटी सरकार एक नाव मंजूर करी. ज्याचं नाव मंजूर झालं तो नामजद, आणि इनाम त्याचं. घरातल्या बाकीच्यांना, विधवांना, धाकट्या भावांना, त्यानं गुजारा द्यायचा, म्हणजे पोटापुरतं महिन्याचं काही. बाबांनी उभी नोकरी याच कामात घालवली होती आणि ते न्यायानं केलं होतं. आमच्याकडे कधी कुणाची आंब्याची करंडीसुद्धा आत आली नाही. त्यामुळं सरकारी कागदावर आपलं नाव आहे म्हणजे पैसा आपल्या हवाली झाला आणि सून-नातीचा गुजारा आपल्यावर आला, हे त्यांच्या मनात अगदी सरळ होतं. यात लोभ नव्हता. उलट त्यांनी महिन्याचा आकडाही ठरवला होता आणि तो बेताचा नव्हता.

वहिनीला मात्र औरंगाबादेला जायचं नव्हतं. दादा असतानाच तिनं शिक्षिकेच्या ट्रेनिंगला नाव घातलं होतं. वर्षभराचं राहिलं होतं. ते पुरं झालं की इथल्या मराठी शाळेत जागा मिळेल असं तिला सांगण्यात आलं होतं. त्यासाठी वर्षभराचं भाडं, फी आणि पोट एवढं हातात हवं होतं. तिकडे जाऊन ट्रेनिंग सुटलं की सुटलंच. मग कायमची सासऱ्याच्या घरातली विधवा सून. चोविसाव्या वर्षी.

ती भांडली नाही. एके दिवशी दुपारी बाबा पडवीत उर्दू वर्तमानपत्र घेऊन बसले होते, तिथं जाऊन ती खांबाला टेकून उभी राहिली.

"मामंजी, मला इथं राहून ट्रेनिंग पुरं करायचंय."

"एकटीनं?" बाबा म्हणाले. "आणि गरज काय? गुजाऱ्याची काळजी करू नकोस. तो मी कमी पडू देणार नाही."

"ते मला माहीत आहे." मग तिनं विचारलं, "तुमच्या महकम्यात गुजारेवाल्या बायका यायच्या, म्हणत होता तुम्ही."

"यायच्या की."

"कशाला?"

"गुजारा थकला म्हणून."

"दर महिन्याला?"

"काही जणी दर महिन्याला." बाबांनी पेपर खाली ठेवला. "पायऱ्यांवर बसायच्या. कुणी बुरख्यात, कुणी पदर ओढून. मी दरखास्ती घ्यायचो त्यांच्या."

"मिळायचा मग?"

"मिळायचा." बाबा जरा वेळानं म्हणाले, "उशिरा."

वहिनी आत आली. मी अभ्यासाचं पुस्तक पुढं धरून सगळं ऐकत होते. माझ्या शेजारी बसून तिनं हळूच विचारलं, "वन्सं, तुमच्या त्या पुस्तकात नॉमिनीपुढं काय लिहिलंय? सगळं वाचा."

मी वाचलं. लिहिलं होतं ते असं की दुसऱ्याच्या वतीनं घेण्यासाठी ज्याचं नाव दिलं आहे तो. तिनं ते माझ्याकडून तीनदा मराठीत करून घेतलं. "दुसऱ्याच्या वतीनं," ती म्हणाली. "मग तो दुसरा कोण?"

ते पुस्तकात नव्हतं.

बँकेतली एक अलीकडची गोष्ट इथंच सांगून टाकते. वहिनीच्या खात्याला माझं नाव नॉमिनी म्हणून आहे. गेल्या महिन्यात मी ते कागद घेऊन गेले. काउंटरवर मीनूच्या मुलाएवढा एक मुलगा होता, तेलुगू वळणाचं हिंदी बोलणारा. "आंटी, नॉमिनी आप हैं, तो पैसा आपको देते," तो म्हणाला. मग जरा अवघडून, "मगर आपका नै होता वो. लीगल हेअर को देना पडता. मालूम ना आपको?"

"मालूम," मी म्हटलं. "सतरा साल की थी, तब से."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. रांगेतल्या एका बाईनं मात्र मला विचारलं की नवऱ्याच्या खात्याला दिराचं नाव आहे, तर कसं. मी तिला बाकावर बसवून सांगितलं. चांगला अर्धा तास गेला. परत येताना मनात आलं की हे वहिनीला सांगायला हवं, आणि मग आठवलं. असं अजून होतं.

तर तो दुसरा कोण, हे आम्हाला वकीलमामांनी सांगितलं. ते आईचे चुलतभाऊ, बरकतपुऱ्यात राहत. बाबांना ते दाजी म्हणत आणि आईला अक्का. दिवाळीनंतरच्या रविवारी ते निरोप द्यायला म्हणून आले. वहिनीनं चहाचे कप ठेवले आणि आत न जाता तिथंच बसली. आमच्या घरात पाहुण्यांसमोर सून खाली बसणं ही लहान गोष्ट नव्हती.

"मामा," ती म्हणाली, "विम्याचे पैसे नॉमिनीचे होतात का?"

वकीलमामांनी एकदा बाबांकडे पाहिलं. "होत नाहीत," ते म्हणाले. "कंपनीनं कुणाच्या हातात दिले म्हणजे ती मोकळी होते, एवढ्यापुरतं ते नाव. त्यानं घ्यायचे आणि ज्याचे त्याला पोचवायचे. मालकी वारसाची."

"नामजद तो मालिक," बाबा म्हणाले.

"इनामात, दाजी. विम्यात नाही."

"मग वारस कोण? बापच की."

वकीलमामांनी कप खाली ठेवला. "यंदाच नवा कायदा आलाय हिंदूंच्या वारसाचा. मृत्युपत्र न करता मुलगा गेला, तर त्याची बायको, त्याची मुलं आणि त्याची आई. सगळ्यांना सारखं. इथं तिघी झाल्या."

"आणि बाप?"

"बाप त्याच्या खालच्या वर्गात. वरच्या वर्गात कुणीच नसेल तर."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी माझ्या मुलाचा कुणी नाही."

"पैशापुरतं, दाजी."

"मीही पैशापुरतंच विचारतोय," बाबा म्हणाले आणि उठून पडवीत गेले. चष्मा इथंच राहिला होता.

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होती. ती पुढं आली. "पुन्हा सांग रे, दिगू. आई म्हणजे मी का?"

"तूच, अक्का."

"मी, सुमन आणि मीनू? सारख्या?"

"सारख्या."

"मीनू दोन वर्षांची आहे."

"कायदा वय बघत नाही. ती अज्ञान म्हणून तिचा वाटा तिच्या आईनं सांभाळायचा, एवढंच."

कायद्यात अठरा वर्षं पुरी होईपर्यंत मूल अज्ञान असतं. आमचं अज्ञान त्या वेळी खाटेखाली बसून सीताफळाच्या बिया एका ओळीत लावत होतं आणि कुणाला हात लावू देत नव्हतं.

बाबांनी वकीलमामांच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. कायदा वाचल्याशिवाय मान्य करणं हे त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं. त्यांनी मला वाचनालयात पाठवून तो इंग्रजी कायदा आणवला, आणि पडवीत बसून माझ्याकडून ते कलम वाचून घेतलं. मराठीत सांग म्हणाले. नंतर उर्दूत स्वतःशी पुटपुटले. वर्ग पहिला, वर्ग दुसरा. दुसऱ्या वर्गात सुरुवातीलाच बाप होता. तिथं त्यांनी मला थांबवलं आणि पुस्तक मिटायला सांगितलं.

"कलम आहे," ते म्हणाले. "आहे म्हणजे आहे."

मला पुष्कळदा वाटतं की त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं कलमातून वाट काढली असती. तिकडचं राज्य, इकडचं राज्य, कागद हरवायला तेव्हा कितीसा वेळ लागत होता? बाबांच्या मनाला ते शिवलंही नसावं. त्यांना दुःख दुसऱ्याच गोष्टीचं होतं, आणि तिच्यावर कुठल्याच महकम्यात दरखास्त करता येत नव्हती.

आईनं मात्र दोनच दिवसांत सगळ्यांना चकित केलं. जेवणं चालली होती. बाबा म्हणाले, "तुझा वाटा मी तिकडच्या बँकेत ठेवतो."

"नको," आई वाढता वाढता म्हणाली. "मी इथं राहणार आहे. सुमनचं ट्रेनिंग होईपर्यंत. पोरीला सांभाळायला कुणीतरी हवं ना."

बाबांनी घास खाली ठेवला. "आणि माझं जेवणाखाण्याचं?"

"खानावळी आहेत म्हणतात औरंगाबादेत."

"वाटा सुमनला देऊन टाकणार म्हणजे."

"का म्हणून? तिला तिचा आहे. मी माझ्या वाट्यावर राहीन. तुमच्याकडं गुजाऱ्याची दरखास्त घेऊन यायची नाही."

वहिनीला ठसका लागला. तो हसण्याचा होता, आणि श्रावणापासून तिचं हसू आम्ही ऐकलं नव्हतं. बाबा म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नामजद एकटाच आला," आई म्हणाली आणि त्यांच्या पानात भात वाढला.

माझं कॉलेज इथंच होतं, म्हणून मीही राहिले. अशा रीतीनं एका राज्याचे तीन तुकडे होत होते तेव्हा आमच्या घराचे दोन झाले, आणि ते भाषेवर झाले नाहीत.

पैसे आले ते बाबा निघायच्या आदल्या आठवड्यात. थंडी पडू लागली होती. सीताफळं संपत आली होती. उरलेली काळपट, बारकी, आणि चवीला सगळ्यांत गोड. बाबांनी नॉमिनी म्हणून सही केली, रक्कम घेतली, आणि घरी येऊन लिहायचं मेज पडवीत मांडलं. तीन पुड्या केल्या. मग प्रत्येकीकडून पावती घेतली. आधी आईकडून. "इतकी वर्षं संसार केला, आता पावती?" आई म्हणाली. "ज्याचं त्याला दिलं की पावती घ्यायची असते," बाबा म्हणाले. वहिनीनं दोन लिहिल्या, एक स्वतःची, एक अज्ञान मीनूची पालनकर्ती म्हणून. महकम्यात बाबा गुजारेवाल्या बायकांच्या पावत्या त्यांना उभ्या ठेवूनच घेत. वहिनीला त्यांनी खुर्ची दिली होती, आणि ती लिहीत होती तोवर स्वतः उभे होते.

पावत्यांची घडी करून खिशात ठेवली तरी ते तिथून हलले नाहीत. खुंटीवर दादाचा तपकिरी कोट श्रावणापासून तसाच होता. सामान बांधताना तो कुणी काढला नव्हता.

"सुमन," ते म्हणाले, "तो कोट. तोही तुमचाच झाला, तिघींचा. तिकडे थंडी जास्त म्हणतात. मी नेऊ का?"

वहिनी कोटाकडे पाहत राहिली. बाबांना वाटलं ती विचार करते आहे. त्यांनी मेजावरचा कोरा कागद ओढला आणि दौतीत टाक बुडवला.

"त्याची पावती नको, मामंजी," वहिनी म्हणाली.

तिनं कोट खुंटीवरून काढला आणि त्यांच्यापुढं धरला. दादा उंच होता. बाबांचे हात बाह्यांत पार आत गेले, बोटंही दिसेनात. वहिनीनं आतून सुई-दोरा आणला, त्यांना खुर्चीवर बसवलं, आणि दोन्ही बाह्या आत दुमडून टाके घालू लागली. बाबा लहान मुलासारखे हात पुढं करून तिचं होईपर्यंत बसून राहिले.